ठरावीक अक्षरे असलेले लांब इंग्रजी शब्द शोधण्याची क्रमवार पद्धत

‘क्यू आणि झेड ही दोन्ही अक्षरे असलेला, किमान बारा अक्षरी इंग्रजी शब्द हवा’ असा प्रश्न समोर आला की बहुतेक जण ती दोन अक्षरे लगेच शोधपेटीत टाकतात आणि आलेल्या यादीतला सर्वांत लांब शब्द उचलतात. तो शब्द कोड्याच्या किंवा खेळाच्या नियमात बसला नाही की शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. हा घोळ बहुधा शोधाआधीच झालेला असतो: प्रश्न नेमका केलेला नसतो, यादी कोणती आहे हे पाहिलेले नसते आणि साधनातल्या खुणांचा अर्थ गृहीत धरलेला असतो. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत.

या लेखात इंग्रजी अक्षरे त्यांच्या नावांनी लिहिली आहेत. साधनात मात्र मूळ अक्षर टंकावे. ‘बारा अक्षरी’ म्हणजे इंग्रजी लेखनातील बारा अक्षरे. शब्द देवनागरीत किती अक्षरांत मावतो याचा लांबीशी काही संबंध नाही.

## टप्पा १: प्रश्न कागदावर नेमका करणे

‘ही अक्षरे असलेला शब्द’ या एका वाक्याचे किमान पाच अर्थ होतात आणि प्रत्येक अर्थाचे उत्तर वेगळे येते.

१. अक्षरे शब्दात कुठेही, कोणत्याही क्रमाने असावीत आणि सोबत इतर अक्षरेही चालावीत. के आणि डब्ल्यू यांसाठी ‘नॉलेजेबल’ (१३ अक्षरे) आणि ‘वर्कमनशिप’ (११ अक्षरे) हे दोन्ही शब्द चालतील.

२. अक्षरे दिलेल्या क्रमाने यावीत, पण मध्ये अंतर चालावे. के आधी आणि डब्ल्यू नंतर अशी अट असेल तर ‘नॉलेजेबल’ टिकतो आणि ‘वर्कमनशिप’ बाद होतो.

३. अक्षरे सलग यावीत. पी-बी ही जोडी सलग हवी असेल तर ‘शिपबिल्डिंग’ (१२ अक्षरे) किंवा ‘अपब्रिंगिंग’ (१० अक्षरे) चालेल.

४. शब्द केवळ दिलेल्या अक्षरांतूनच बनावा आणि प्रत्येक अक्षर जितक्या वेळा दिले आहे त्याहून जास्त वेळा वापरू नये. स्क्रॅबलसारख्या, अक्षरांच्या सोंगट्या मांडण्याच्या खेळांत हाच अर्थ असतो.

५. शब्द केवळ दिलेल्या अक्षरांतून बनावा, पण कोणतेही अक्षर हवे तितक्या वेळा वापरता यावे. ‘स्पेलिंग बी’ या वृत्तपत्रीय खेळात सात अक्षरे असतात, मधले अक्षर सक्तीचे असते आणि शब्द किमान चार अक्षरी लागतो.

अर्थ ठरला की उरलेल्या अटीही त्याच कागदावर लिहाव्यात. लांबी ‘किमान’ आहे की ‘नेमकी’? एखादे अक्षर दोनदा दिले असेल तर ते शब्दातही दोनदा लागते का? अनेकवचने आणि क्रियापदांची रूपे चालतात का? विशेषनामे, जोडरेघ असलेले शब्द आणि लघुरूपे यांचे काय? कोणती अक्षरे असता कामा नयेत? यांतली एक अट जरी नंतर आठवली तरी सारी चाळण पुन्हा करावी लागते.

तपासणी: अटी लिहून झाल्यावर नियमात बसणारा एक आणि न बसणारा एक, असे दोन शब्द त्यांच्याखाली लिहावेत. न बसणारा शब्द अगदी जवळचा निवडावा, म्हणजे एकच अट मोडणारा. ही जोडी पुढे प्रत्येक साधनाची परीक्षा घेण्यासाठी लागणार आहे. असे दोन शब्द सुचतच नसतील तर प्रश्न अजून पुरता समजलेला नाही, असे मानावे.

## टप्पा २: योग्य शब्दयादी निवडणे

सर्व इंग्रजी शब्द असलेली यादी अस्तित्वात नाही. प्रत्येक यादी कोणत्या तरी उपयोगासाठी बनलेली असते आणि त्या उपयोगाच्या मर्यादा तिच्यात असतात.

स्क्रॅबलच्या पटावर एका ओळीत पंधराच घरे असतात, त्यामुळे त्या खेळाच्या अधिकृत याद्या दोन ते पंधरा अक्षरी शब्दांपुरत्या असतात. कॉलिन्सच्या २०१९ च्या खेळयादीत सुमारे २,७९,००० शब्द आहेत, पण सोळा अक्षरी शब्द त्यात एकही मिळणार नाही. ‘या अक्षरांचा पंधराहून लांब शब्दच नाही’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी पुष्कळदा अशीच यादी चाळलेली असते.

‘एनेबल’ या नावाची, सुमारे १,७२,००० शब्दांची यादी सार्वजनिक मालकीची आहे आणि तिला पंधरा अक्षरांची मर्यादा नाही. साध्या कोड्यांसाठी सुरुवात तिच्यापासून करावी. मॅक संगणकात मुळातच असलेली शब्दयादी वेबस्टरच्या १९३४ च्या मोठ्या शब्दकोशावरून घेतलेली आहे. तिच्यात जुने आणि दुर्मीळ शब्द भरपूर सापडतात, परंतु अनेकवचने व भूतकाळी रूपे बहुतांशी नाहीत आणि नंतरच्या काळातले शब्दही नाहीत.

सावधान: उत्तर ज्या खेळात किंवा कोड्यात द्यायचे आहे, त्याची स्वतःची यादी ठरलेली असेल तर तीच घ्यावी. मोठी यादी घेतल्याने उत्तरे वाढतात आणि बाद होणारी उत्तरेही तितकीच वाढतात.

## टप्पा ३: यादी वापरण्याजोगी करणे

हा टप्पा कंटाळवाणा आहे, म्हणूनच तो वगळला जातो.

सर्व शब्द लहान लिपीत आणावेत, कारण काही साधने मोठे आणि लहान अक्षर वेगळे मानतात. अपॉस्ट्रॉफी असलेल्या नोंदी काढाव्यात. काही याद्यांत प्रत्येक नामाचे षष्ठीरूप स्वतंत्र ओळीत असते आणि ते लांबीत भर घालते. विशेषनामे नको असतील तर सर्व शब्द लहान लिपीत आणण्यापूर्वीच ती काढावीत, कारण नंतर ती ओळखण्याची खूण उरत नाही. हा क्रम उलटा करणे ही फार नेहमीची चूक आहे.

ओळींच्या शेवटी न दिसणारी चिन्हे असू शकतात. एका प्रणालीत तयार झालेली यादी दुसऱ्या प्रणालीत उघडली की प्रत्येक शब्दाला अदृश्य शेपूट चिकटते. मग लांबी एकाने जास्त भरते आणि ‘शब्दाचा शेवट अमुक अक्षराने’ ही अट एकाही शब्दाला लागू पडत नाही. एक्सेलसारख्या तक्तापत्रकात शब्द चिकटवण्यापूर्वी स्तंभाचा प्रकार ‘मजकूर’ असा ठेवावा, नाहीतर ‘ट्रू’ आणि ‘फॉल्स’ हे इंग्रजी शब्द तर्कमूल्ये समजून बदलले जातात.

तपासणी: प्रश्नावली या अर्थाचा ‘क्वेश्चनेअर’ हा शब्द यादीत शोधून त्याची लांबी मोजावी. ती १३ आली पाहिजे. १४ आली तर अदृश्य शेपूट शिल्लक आहे किंवा यादीत लेखनाची चूक आहे.

## टप्पा ४: साधनाआधी हाताने शोधणे

ज्या खेळात साधन वापरता येत नाही तिथे हा टप्पाच सर्व काही आहे. जिथे साधन वापरता येते तिथेही तो करावा, कारण त्यातून साधनाची परीक्षा घेण्यासाठी शब्द मिळतात.

(अ) विरळ अक्षरापासून सुरुवात करावी. इंग्रजी शब्दकोशात क्यू, जे, एक्स आणि झेड ही चार अक्षरे सर्वांत विरळ आहेत. दिलेल्या अक्षरांत यांपैकी एक असेल तर पहिला विचार त्याचाच करावा, आणि ई, आय, एस, ए, आर, एन, टी ही अक्षरे शेवटी पाहावीत, कारण लांब शब्दात ती बहुधा आपोआप येतात.

(आ) विरळ अक्षराची धातुरूपे आठवावीत. जे हे अक्षर लांब शब्दांत बहुतेक वेळा जेक्ट, जंक्ट, जज, जस्ट, ज्युर या घटकांतून येते. क्यू हे क्वेस्ट, क्वांट, सीक्व, ईक्व, लोक्व यांतून, तर एक्स हे फ्लेक्स, टॉक्स, लेक्स, मॅक्स यांतून किंवा शब्दारंभीच्या ‘एक्स’ या उपसर्गातून येते. ही रूपे लॅटिन आणि ग्रीक वळणाची असल्यामुळे त्यांना लांब प्रत्यय सहज लागतात.

के आणि डब्ल्यू यांचे वळण वेगळे आहे. ती मुख्यतः मूळच्या इंग्रजी शब्दांत येतात, आणि ते शब्द बरेचदा दुसऱ्या शब्दाशी जोडून लांब होतात: ‘ब्रेकथ्रू’ (१२ अक्षरे), ‘बुककीपिंग’ (११ अक्षरे). म्हणून के आणि क्यू किंवा के आणि एक्स अशी मिश्र जोडी मागितली असेल तर लांब उत्तर क्वचितच मिळते. अशा जोडीवर डोके शिणवण्यापेक्षा सरळ साधनाकडे वळावे.

(इ) प्रत्यय कोणती अक्षरे पुरवतो ते वजा करावे. हीच या टप्प्याची किल्ली आहे. ‘-आयझेशन’ हा प्रत्यय आय, झेड, ए, टी, ओ, एन ही सहा वेगळी अक्षरे एकदम देतो. ‘-इफिकेशन’ एफ आणि सी देतो. ‘-वर्दीनेस’ डब्ल्यू आणि एच देतो. ‘-मनशिप’ एम, एच आणि पी देतो. मागितलेल्या अक्षरांतून प्रत्ययाने पुरवलेली अक्षरे खोडली की उरलेल्या एकदोन अक्षरांसाठीच धातू शोधावा लागतो.

क्यू आणि झेड यांचे उदाहरण घेऊ. झेड ‘-आयझिंग’ किंवा ‘-आयझेशन’ देईल, उरला क्यू. त्याच्या धातुरूपांतून ‘क्वांटायझेशन’ आणि ‘ईक्वलायझेशन’ (प्रत्येकी १२ अक्षरे), तसेच ‘ट्रँक्विलायझिंग’ आणि ‘सॉलिलक्वायझिंग’ (प्रत्येकी १३ अक्षरे) असे चार शब्द मिळतात. त्याच रीतीने एक्स, पी आणि एफ यांसाठी ‘एक्झेम्प्लिफिकेशन’ (१५), जे आणि एफ यांसाठी ‘ऑब्जेक्टिफिकेशन’ (१५), तर क्यू, डी आणि जी यांसाठी ‘ग्रँडिलक्वंटली’ (१५) हा शब्द हाती येतो. व्ही आणि डब्ल्यू यांसाठी प्रत्ययाऐवजी ‘ओव्हर’ हा उपसर्ग उपयोगी पडतो: ‘ओव्हरवेल्मिंगली’ (१४). जे आणि एक्स एकत्र आणणारा व्यवहारातला घटक मात्र जवळजवळ एकच आहे, ‘जक्स्टा’. त्यातून ‘जक्स्टपोझिशन’ (१३).

(ई) सलग जोडी हवी असेल तर सांधा शोधावा. पी-बी, एच-एच, के-के, के-जी अशा चमत्कारिक जोड्या सहसा एका घटकाच्या पोटात येत नाहीत. दोन घटक जिथे जुळतात तिथे त्या तयार होतात. पहिले अक्षर शेवटी असलेला लहान शब्द आणि दुसरे अक्षर आरंभी असलेला लहान शब्द अशा दोन ओळी लिहून त्या जुळवून पाहाव्यात. ‘बॅकग्राउंड’ आणि ‘हिचहायकर’ असेच मिळतात. ‘कॅचफ्रेज’ या शब्दात तर सांध्यामुळे टी-सी-एच-पी-एच-आर अशी सहा व्यंजने ओळीने येतात.

(उ) लांबी आणि अक्षरवैविध्य एक समजू नये. शब्द जितका लांब तितकी जास्त वेगळी अक्षरे त्यात असतील, हा समज चुकीचा आहे. न्यूमोनोपासून सुरू होणाऱ्या, फुप्फुसविकाराच्या ४५ अक्षरी प्रसिद्ध शब्दात वेगळी अक्षरे केवळ १४ आहेत. बी, डी, जी, एच यांसारखी नेहमीची अक्षरेही त्यात नाहीत. उलट ‘अनकॉपीराइटेबल’ आणि ‘डर्मॅटोग्लिफिक्स’ या १५ अक्षरी शब्दांत एकही अक्षर दुसऱ्यांदा येत नाही. पाच-सहा अक्षरे एकदम मागितली असतील तर बारा ते पंधरा अक्षरांचा पट्टाच आधी धुंडाळावा.

सावधान: कानावर विसंबू नये. मराठी उच्चारात व्ही आणि डब्ल्यू दोन्ही ‘व’ होतात, त्यामुळे मनातल्या मनात शोधताना यांची अदलाबदल होते. ‘फ’ ऐकू आला म्हणजे एफ असेलच असे नाही, तिथे पी-एच असू शकते. ‘झ’ ऐकू आला तरी लेखनात एस असू शकतो. नेत्रतज्ज्ञासाठीच्या ‘ऑफ्थॅल्मॉलॉजिस्ट’ (१५) या शब्दात पी-एच-टी-एच अशी चार अक्षरे ओळीने आहेत आणि त्यांतला पहिला एच लिहिताना हमखास गळतो. सुचलेला प्रत्येक शब्द अक्षरशः लिहून, एकेका अक्षरावर बोट ठेवून मोजावा.

## टप्पा ५: साधनात गाळण्या लावणे

साधने दोन प्रकारच्या खुणा वापरतात आणि त्यांची गल्लत ही या टप्प्यातली सर्वांत मोठी चूक आहे. साध्या खुणांच्या पद्धतीत * म्हणजे कितीही अक्षरे (शून्यसुद्धा) आणि ? म्हणजे नेमके एक अक्षर. रेग्युलर एक्स्प्रेशनच्या (मजकुराचा नमुना चिन्हांनी सांगण्याच्या) पद्धतीत मात्र नेमक्या एका अक्षरासाठी टिंब वापरतात, * म्हणजे ‘आधीचे चिन्ह कितीही वेळा’, आणि ? म्हणजे ‘आधीचे चिन्ह असेल किंवा नसेल’. तेव्हा पहिल्या पद्धतीतला * दुसऱ्या पद्धतीत .* असा लिहावा लागतो. शब्दाचा आरंभ ^ या खुणेने आणि शेवट $ या खुणेने दाखवतात. साधन कोणती पद्धत पाळते हे पाहिल्याशिवाय पहिली खूणही टंकू नये.

गाळण्यांचा क्रम असा ठेवावा:

१. आधी लांबीची गाळणी लावावी. त्यामुळे यादी एकदम लहान होते आणि पुढचे निकाल डोळ्यांनी वाचता येतात.

२. मग एकेका अक्षराची गाळणी स्वतंत्रपणे लावावी आणि पहिलीतून उरलेले शब्दच दुसरीला द्यावेत. ‘के .* डब्ल्यू’ अशी एकच खूण लिहिली तर ती क्रम पाळते, आणि ‘वर्कमनशिप’ गुपचूप गळून जातो. दोन्ही अक्षरे चौकटी कंसात एकत्र लिहिणे ही दुसरी चूक, कारण चौकटी कंसाचा अर्थ ‘यांपैकी कोणतेही एक’ असा होतो; दोन्ही असण्याची अट त्याने लागत नाही.

३. एखादे अक्षर दोनदा हवे असेल तर ते अक्षर, .* आणि पुन्हा तेच अक्षर अशी खूण द्यावी.

४. नको असलेल्या अक्षरांची गाळणी शेवटी लावावी.

तक्तापत्रकात हेच काम तीन सूत्रांनी होते: लांबीसाठी ‘लेन’, अक्षर आहे की नाही यासाठी ‘सर्च’, आणि अक्षर किती वेळा आले हे मोजण्यासाठी ‘सब्स्टिट्यूट’. या तिसऱ्या सूत्राने ते अक्षर शब्दातून काढून टाकावे आणि मूळ लांबीतून उरलेली लांबी वजा करावी. ‘सर्च’ मोठे-लहान अक्षर सारखे मानते, ‘सब्स्टिट्यूट’ मानत नाही. टप्पा ३ वगळणाऱ्यांची मोजणी इथे चुकते. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात, त्यामुळे वर सांगितलेली कोणतीही यादी तुकडे न करता बसते.

‘वनलुक’सारख्या आयत्या शोधसाधनात खुणेनंतर स्वल्पविराम देऊन अटी जोडता येत असल्या, तरी अधिक चिन्हाचा (+) अर्थ नीट पाहावा. खुणेच्या शेवटी अधिक चिन्ह आणि अक्षरे लिहिली की शोध फक्त त्याच अक्षरांपुरता मर्यादित होतो, म्हणजे टप्पा १ मधला पाचवा अर्थ लागू होतो. ‘ही अक्षरे असलीच पाहिजेत’ असे समजून अधिक चिन्ह टाकणाऱ्याला रिकामी यादी मिळते. वजा चिन्ह मात्र अपेक्षेप्रमाणे अक्षरे वगळते.

तपासणी: टप्पा १ मधली शब्दांची जोडी आता वापरावी. बसणारा शब्द निकालात दिसला पाहिजे आणि न बसणारा दिसता कामा नये. पहिला दिसत नसेल तर आधी तो मूळ यादीत आहे का ते पाहावे, मग एकेक गाळणी काढून कोणत्या पायरीवर तो गळतो ते शोधावे. न बसणारा शब्द दिसत असेल तर एखादी अट लावायची राहिली आहे.

## टप्पा ६: लेखनभेद पाहणे

झेड मागितला असेल तर हा टप्पा अनिवार्य आहे. ब्रिटिश लेखनात ‘-आयझ’ हा प्रत्यय एस आणि झेड अशा दोन्ही प्रकारे लिहितात; अमेरिकी लेखनात झेडच लिहितात. त्यामुळे ‘क्वांटायझेशन’ एका यादीत झेडसह आणि दुसरीत केवळ एससह असू शकतो. ‘अ‍ॅडव्हर्टाइज’, ‘सुपरव्हाइज’, ‘कॉम्प्रोमाइज’ हे शब्द प्रमाण लेखनात दोन्हीकडे एसनेच लिहितात, तेव्हा त्यांत झेड घालून लांबी जुळवू नये.

लेखनभेदाने लांबीही बदलते. ‘ट्रँक्विलायझिंग’मध्ये अमेरिकी लेखनात एकच एल असतो, म्हणून १३ अक्षरे; ब्रिटिश लेखनात एल दोनदा येतो आणि १४ होतात. नेमकी लांबी मागितली असेल तर एवढ्या फरकाने उत्तर बाद होते. जोडरेघेचेही तसेच: ‘काउंटर’ या उपसर्गाचे काही शब्द एका वळणात सलग आणि दुसऱ्यात जोडरेघेने लिहितात, आणि जोडरेघ असलेली नोंद बहुतेक खेळयाद्यांत नसते.

## टप्पा ७: पडताळणी आणि नोंद

निकालातले वरचे पाच-दहा शब्द लांबीच्या उतरत्या क्रमाने लावून प्रत्येकाची नोंद शब्दकोशात स्वतंत्रपणे पाहावी. संगणकाची शुद्धलेखन तपासणी इथे पुरेशी नाही. ती अनेक योग्य लांब शब्दांखाली लाल रेघ ओढते. उलट, आंतरजालावर फिरणाऱ्या ‘सर्वांत लांब शब्दां’च्या याद्यांत केवळ लांबीसाठी घडवलेले शब्द असतात. वर उल्लेखलेला ४५ अक्षरी शब्दही १९३५ च्या सुमारास कोडेप्रेमींच्या वर्तुळात असाच रचला गेला. तो मोठ्या शब्दकोशांत आहे, पण म्हणून प्रत्येक कोड्यात चालेलच असे नाही.

‘-नेस’ आणि ‘अन-’ लावून स्वतः बनवलेल्या शब्दांबाबत कठोर राहावे. व्याकरणाने शक्य असलेला शब्द यादीत असतोच असे नाही, आणि निर्णय यादीच देते.

एकही उत्तर उरले नाही तर अटी एकाच वेळी सैल करू नयेत. आधी लांबी एकाने कमी करावी, मग लेखनभेद पाहावेत, मग यादी बदलावी, आणि या क्रमात कोणत्या पायरीवर उत्तर मिळाले ते लिहून ठेवावे. उत्तर नोंदवताना शब्दासोबत त्याची लांबी, यादीचे नाव आणि आवृत्तीचे वर्षही लिहावे, कारण ‘सर्वांत लांब’ हा दावा त्या यादीपुरताच खरा असतो.